समुद्रात तहानलेला पंप

“आज धार दाखवून घरी जायचं नाही, यमगर,” बोधनकर बाई म्हणाल्या. “आज आमच्याबरोबर यायचं.”

सकाळचे सहा वाजले होते. देवगडच्या धक्क्याला लागलेल्या ‘कुणकेश्वर कृपा’च्या काठावरून मी अर्धा बाहेर लोंबकळत होतो आणि होडीच्या कुशीतल्या भोकातून समुद्रात पडणाऱ्या पाण्याकडं कौतुकानं बघत होतो. अंगठ्याएवढी जाड, एकसारखी धार. घरातला एसी आपली गरमी बाहेरच्या हवेत टाकतो, होडीतला ती समुद्राच्या पाण्यात टाकतो. होडीच्या बुडाला एक तोंड असतं. तिथून पाणी आत येतं, जाळीतून गाळून पंपात जातं, पंप ते गरम कॉइलमधून फिरवतो आणि कुशीतून परत बाहेर सोडतो. धार चांगली म्हणजे एसी चांगला. डॉक्टर नाडी बघतो तशी मी धार बघायचो.

“बाई, बघा की. हिच्यात काय खोट हाय सांगा,” मी म्हणालो.

“धक्क्याला असताना कधीच खोट नसते. दोनदा तुम्ही एसी ठणठणीत आहे म्हणून गेलात आणि दोनदा तो वाटेत बंद पडला. आता तुमच्या डोळ्यांसमोर बंद पडू दे.”

मला राग आला होता. पंधरा दिवसांत या एसीचं मी काय करायचं ठेवलं होतं? पहिल्यांदा जाळी उघडली, तिच्यात शेवाळ आणि बारक्या शिंपल्यांचा लगदा बसला होता, तो काढला. दुसऱ्यांदा कॉइलमधून अ‍ॅसिडचं पाणी दोन तास फिरवलं, आतला सगळा चुना बाहेर आला. दोन्ही वेळा धक्क्यावरच केबिन गारठवून दाखवली होती. देवगडातल्या बँका, हॉटेलं, बर्फाचा कारखाना, सगळीकडं हणमंत यमगरचं नाव होतं, आणि या एका होडीनं माझं नाक कापायचं ठरवलं होतं.

बोधनकर बाई मूळच्या नागपूरच्या, समुद्रातल्या प्राण्यांच्या डॉक्टर. म्हणजे इंजेक्शनवाल्या नव्हेत, अभ्यासवाल्या. देवमासे आपल्या किनाऱ्याजवळ येतात आणि इथं गातात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. ‘गातात’ हा त्यांचाच शब्द. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मान वळवून हसून घेतलं होतं. या कामासाठी त्यांनी लवूतात्या मेतरांची मासेमारीची होडी घेतली होती, मासे साठवायच्या कप्प्याची बंद केबिन करून घेतली होती आणि तिच्यात ऐकायचं यंत्र बसवलं होतं. त्याची वायर पाण्यात खोल सोडायची आणि कानाला हेडफोन लावून बसायचं. यंत्र नाजूक. खाऱ्या हवेनं गंजतं म्हणून केबिन बंद, आणि बंद केबिन एप्रिलच्या उन्हात तापली की ते आपोआप बंद पडतं. बरं, ऐकताना होडीवर दुसरा कसलाही आवाज चालत नाही. इंजिन, जनरेटर, एसी, सगळं बंद करायचं. म्हणजे जाता जाताच केबिन गार करून ठेवायची, तर पोचल्यावर पाऊण तास ऐकायला मिळतं. वाटेत एसी बसला की सगळी फेरी फुकट.

“सहा वर्षं झाली यमगर,” बाई म्हणाल्या. “आज तीस एप्रिल. उद्यापासून हे काम बंद, तसं पत्र आलंय. आज आवाज मिळाला नाही, तर इथं देवमासा गात नाही असं कागदावर लागेल. आणि जो नाहीच, त्याची काळजी कोण करणार?”

त्या हे अगदी शांतपणे बोलल्या. चिडून बोलल्या असत्या तर मी उलट काहीतरी ऐकवून उतरलो असतो. तसं बोलल्यावर मला उतरता आलं नाही.

मला समुद्राची भीती वाटायची. सात वर्षं देवगडात राहून हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी आटपाडीकडचा. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं, आणि मोठं पाणी म्हणजे विहिरीतलं. एवढं पाणी एका जागी, आणि त्याला पलीकडचा काठ नाही, हे मला बघवायचंच नाही. धक्क्यापर्यंत ठीक होतं.

लवूतात्यांनी होडी सोडली. साठी उलटलेला, काटकुळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. मी दोन्ही हातांनी काठ धरून बसलेला बघून त्यांनी विचारलं, “मिस्त्री, पेवाक येता मा?”

“विहिरीत लई पोहलोय.”

“बावीक कठडो आसता, तळ आसता. हंय तां कायच नाय.” आणि ते मनसोक्त हसले.

किल्ल्याची टेकडी आणि दीपगृह मागं पडलं. पाणी आधी हिरवट होतं, मग निळं झालं, मग इतकं निळं की मी त्याच्याकडं बघायचं सोडून आपल्या धारेकडं बघत बसलो. होडी हळू होती तोवर धार ठीक होती. बंदर सोडून तात्यांनी वेग वाढवला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती करंगळीएवढी झाली. मग सुतळीएवढी. मग पिचकारीसारखी दोनदा थुंकली आणि बंद झाली. खाली केबिनमधून एसीनं शिट्टी मारली आणि तोही बसला.

“पाहिलंत?” बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आनंद अजिबात नव्हता.

“बघितलं. होडी थांबवा.”

खाली उतरून पंपाला हात लावला. तापलेला, आणि आत नुसता खुळखुळाट. याचं दुखणं मला पाठ होतं. आमच्याकडं विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार हवा धरते, मग ती कितीही वेळ घरघरली तरी पाणी म्हणून चढत नाही. मी पंपाच्या वरच्या नळीची पकड सैल केली, फुस्स करून हवा निघाली, मागनं पाणी आलं, पकड आवळली. धार सुरू झाली. अंगठ्याएवढी.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“चला बघू.”

निघालो. पाच मिनिटांत पुन्हा तेच. आधी करंगळी, मग सुतळी, मग कोरडं.

मी डोक्याला हात लावून बसलो. विहीर आटते, बोअर आटते, तळं आटतं. पण आम्ही समुद्रावर बसलो होतो. बुडाखाली अख्खा समुद्र आणि पंप तहानेनं मरतोय! मला हसू यायला लागलं, पण बाई घड्याळाकडं बघत होत्या.

“बाय, वारो अकराक उठतलो,” लवूतात्या म्हणाले. “मगे काय ऐकाक गावाचा नाय.”

वारा उठला, लाटा फुटायला लागल्या की पाण्याखाली नुसता गोंगाट होतो, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. सव्वासात झाले होते.

“तात्या, एकदम हळू चालवा,” मी म्हणालो. मागच्या बाजूला होडीचा काठ बुटका होता. तिथं पालथा पडलो आणि हात खाली पाण्यात घातला. का घातला ते सांगता यायचं नाही, बहुतेक डोकं गार करायला. तळवा होडीच्या पुढच्या बाजूला केला तर पाण्यानं पसा गच्च भरून हात मागं रेटला. तळवा मागं वळवला, तर पाणी हाताच्या पाठीवरून निघून गेलं आणि पशात पोकळी झाली. बुडबुडे. पशातलं होतं नव्हतं तेही ओढून घेतल्यासारखं गेलं.

मी तसाच पालथा पडून दोन-तीनदा हात फिरवून बघितला. पुढं तोंड, भरलेला. मागं तोंड, रिकामा.

“तात्या,” मी ओरडलो, “बुडाला पाण्याचं जे तोंड हाय, त्यावर एक जाळीची वाटी बसवलेली असती. तिचं तोंड कुठल्या अंगाला हाय?”

तात्यांनी इंजिन बंद केलं.

“मागे,” ते म्हणाले.

“पहिल्यापासून?”

“नाय. पुढे होता. गेल्या म्हयन्यात होडी वर काढलेली, तेवा रंग मारूक म्हणान मियां ती वाटी काडलंय. परत लावताना मागे केलंय.”

“कशापायी?” माझा आवाज चढला असणार.

तात्यांनी डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला. “आमच्या घराण्यात दर्यात कोण तोंड वासून जायत नाय. पुढे तोंड उघडा ठेवलेली होडी हावरी दिसता. बापूस सांगी, दर्याकडे मागूचा नाय, तो दितलो तां घेवचा.” मग बाईंकडं न बघता म्हणाले, “माका काय म्हायत, एशीचा पाणी तेच्यान बंद होतला. माजी चूक, बाय. माज्यामुळा तुमचे दोन फेरे फुकट गेले.”

बाई काय बोलतात याची मला धास्ती होती. त्या नुसत्या उठल्या आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अजून आठ वाजायचेत, तात्या.”

तात्या सदरा काढायला लागले. “मियांच जातंय खाली.”

“तुमच्या कानाचं ऑपरेशन झालंय. डोकं पाण्यात घालायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय तुम्हाला.”

“मगे कोण जातलो?”

आता होडीवर तिघंच होतो. बाईंना यंत्राजवळ राहायचं होतं म्हणून नव्हे, पण तात्यांच्या त्या उघड्या हाडकुळ्या पाठीकडं बघून माझ्याच तोंडून निघून गेलं, “मी जातो.” बोललो आणि लगेच पस्तावलो. पण खोटं नाही सांगत, ते काम देवगडात कुणाला येत असलं तर मलाच येत होतं. आमच्या विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला खाली एक झडप असते. तिच्यात कचरा अडकला की बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून मी बुडी मारून ती साफ करायचो. तोंडात स्क्रू धरायचे, डाव्या हातानं पाइप पकडायचा आणि श्वास संपायच्या आत पेच फिरवायचे. फरक इतकाच की तिथं खाली चिखल पायाला लागायचा.

कंबरेला दोर बांधला. बाईंनी पाण्यात घालायचा चष्मा दिला. इंजिन, जनरेटर सगळं बंद. मी देवाचं नाव घेतलं आणि उतरलो.

पहिली बुडी नुसती घाबरण्यात गेली. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्यांदा खालीच बघितलं. सूर्याचे किरण पाण्यातून तिरपे खाली जात होते, एकमेकांच्या जवळ येत जात होते, आणि पुढं नुसता गडद निळा रंग, त्याला शेवट नाही. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आलो.

“नको तर राहू द्या,” बाई म्हणाल्या.

“थांबा की जरा,” मी खेकसलो. त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर.

दुसऱ्या बुडीत मी फक्त लाकूड बघितलं. होडीचं बूड, त्यावरचा लाल रंग, खरखरीत शिंपल्या. वाटी सापडली. चार स्क्रू, दोन रंगानं बुजलेले. तिसऱ्या बुडीत दोन सुटले. चौथ्यात एक सुटला आणि हातातून निसटून त्या निळ्यात गेला. चकाकत गेला, बराच वेळ दिसत होता. पाचव्या बुडीत शेवटचा काढला, वाटी फिरवून तोंड पुढं केलं आणि त्याच स्क्रूनं ती अडकवली. सहाव्या बुडीत दोन स्क्रू दातांत धरून गेलो. एक बसवला. दुसऱ्याचा शेवटचा पेच आवळत होतो आणि तेव्हा तो आवाज आला.

आधी मला तो कानानं कळलाच नाही. दातात धरलेल्या वस्तूला कुणी बोट लावावं तसं दातात जाणवलं, मग छातीच्या पिंजऱ्यात. मग ऐकू आला. एक लांब, खोल हुंकार, हळूहळू वर चढत गेलेला आणि शेवटी पातळ होऊन थांबलेला. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. या वेळी खालून सुरू होऊन आणखी खाली गेला. तो कुठल्या बाजूनं येत होता ते सांगता येत नव्हतं. सगळीकडून येत होता. माझ्या आतूनही येत होता. एवढ्या पाण्यात कुणीतरी होतं, आणि ते जे कुणी होतं ते माझ्यापेक्षा, होडीपेक्षा, मला माहीत असलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठं होतं. चमत्कारिक गोष्ट अशी की सकाळपासून मी घाबरत होतो आणि त्या क्षणी मात्र अजिबात घाबरलो नाही. हात स्क्रूवर तसाच राहिला. श्वास संपला तेव्हाच मी वर आलो.

“झालं?” दोघांनी एकदम विचारलं.

“झालं.”

मी एवढंच बोललो. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. पण मला काय वाटलं ते सांगतो. वर उजेडात आल्यावर, काठाचं लाकूड हाताला लागल्यावर, ते सगळं खोटं वाटायला लागलं. कानात पाणी गेलं असेल. होडीचं लाकूड कुरकुरलं असेल. शिवाय दोनदा ‘एसी ठणठणीत आहे’ म्हणून तोंडघशी पडलेला माणूस मी, आता तिसऱ्यांदा काय म्हणू, की मला पाण्यात आवाज ऐकू आले? तात्या तर दिवसभर हसले असते. मी पंपातली हवा काढली आणि म्हणालो, “चला.”

तात्यांनी वेग वाढवला आणि आम्ही तिघंही काठावरून वाकलो. धार अंगठ्याएवढी होती. आणखी वेग, तरी अंगठ्याएवढी, उलट जास्तच जोरदार. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बोधनकर बाई टाळ्या वाजवतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या नेहमीच्या जागी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मच्छीमारांना आजवर देवमासे दिसले ते बहुतेक त्याच भागात. केबिन थंडगार झाली होती. सगळं बंद केलं, वायर खाली सोडली. बाई हेडफोन लावून बसल्या, डोळे मिटून.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. तात्या ओठ हलवत होते, बहुधा कुणकेश्वराला साकडं घालत असावेत. पस्तीस मिनिटांनी बाईंनी हेडफोन काढला.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “कोळंब्या नांग्या वाजवतात ती कडकड आहे. दूर कुठंतरी एक जहाज आहे. बाकी काही नाही.”

“देवमासो आसा, बाय,” तात्या म्हणाले. “माज्या आज्यान बगल्यान, बापाशीन बगल्यान, मियां दोनदा बगलंय.”

“मला माहीत आहे तात्या. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी ते कागदावर लिहू शकत नाही.” त्या वायर गुंडाळायला उठल्या. सहा वर्षांची गुंडाळी करत असल्यासारख्या, एकेक वेढा सावकाश.

मला राहवेना. “बाई, त्याचा आवाज असतो तरी कसा?”

त्यांनी माझ्याकडं थकलेल्या नजरेनं बघितलं. मग हेडफोन माझ्या कानाला लावला आणि यंत्रावर एक बटण दाबलं. “हा दुसऱ्या समुद्रातला आहे. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी घेतलेला.”

लांब हुंकार. चढत गेला, पातळ झाला, थांबला.

मी हेडफोन काढला आणि खाली ठेवला. नीट ठेवता आला नाही, पडला.

“काय झालं?”

“बाई, मला मारा,” मी म्हणालो. “हा मी सकाळी ऐकलाय. होडीखाली. स्क्रू लावताना.”

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“दोनदा. एकदा वर गेला, एकदा खाली.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही.”

“मला वाटलं, तुम्ही हसाल.”

तात्या हसले नाहीत. त्यांनी आधीच इंजिन सुरू केलं होतं. “जागो माका म्हायत आसा,” ते ओरडले. “दीपगृहाच्या मागे डोंगराचा टोक इला, थंय थांबलेलो आमी.” होडी कुठंही थांबली की किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ती जागा मनात ठेवायची, ही त्यांची जन्माची सवय. सकाळी लाज वाटत असतानाही त्यांनी ते केलं होतं.

त्यांनी होडी जी पळवली तशी त्यांनीही कधी पळवली नसेल. पुढचा भाग पाण्यावर आपटत होता, पाणी आमच्या अंगावर येत होतं. मी काठाला चिकटून धारेकडं बघत होतो. ती आता तुटली तर केबिन तापणार, आणि पुन्हा हवा काढत बसायला वेळ नव्हता. धार तुटली नाही. त्या पाऊण तासात मी तिच्याशी काय काय बोललो ते सांगायची सोय नाही.

पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पश्चिमेकडं पाण्याचा रंग बदलायला लागला होता, म्हणजे वारा निघाला होता. सगळं बंद. वायर खाली. बाईंनी हेडफोन लावला.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होतो.

मग बाईंनी हात वर केला. नुसता वर केला आणि तसाच ठेवला. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. जरा वेळानं त्यांनी दुसरा हेडफोन चाचपडत माझ्याकडं ढकलला. मी एक कान घेतला, एक तात्यांना दिला. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून त्या गार केबिनमध्ये उकिडवे बसलो.

सकाळी मी त्याचे दोन हुंकार ऐकले होते. ती फक्त सुरुवात होती. हुंकारांमागून बारीक किणकिण आली, मग घोगरी कुरकुर, मग पुन्हा हुंकार, पण वेगळे. मध्ये गप्प बसायच्या जागा ठरलेल्या. ओरडणं नव्हतं ते, त्यात रचना होती. कुणीतरी पाण्यात डोकं खाली करून, मनाशी आखून, शांतपणे हे म्हणत होतं, आणि आम्ही बोटभर जाडीच्या फळ्यांवर त्याच्या वर बसलो होतो. ‘गातात’ या शब्दाला मी हसलो होतो त्याची मला मनापासून लाज वाटली.

“नर आहे,” बाई कुजबुजल्या. “गातात ते नरच.”

“कुणासाठी गातोय?”

“कुणी ऐकावं म्हणून. आपल्या या समुद्रात ते फार थोडे उरलेत, यमगर. मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. त्याला उत्तर येताना मात्र ऐकू येत नाहीये.”

मग मला जे कळलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. याला आता सोळा वर्षं होतील. त्या सकाळी, त्या अफाट पाण्यात, त्याचं ऐकायला माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. होडीच्या बुडाला स्क्रू आवळणारा आटपाडीचा एक माणूस, बस्स. आणि तो वर येऊन गप्प बसला होता.

वारा आला. होडी डोलायला लागली, लाटा कुशीवर आपटायला लागल्या. बाईंनी यंत्राकडं बघितलं, डोळे पुसले. “सगळं आत उतरलंय,” त्या म्हणाल्या. “चाळीस मिनिटं. आता कुणीही नाही म्हणू शकणार नाही. तात्या, समुद्र खवळतोय, निघू या आपण.”

लवूतात्या वर गेले. सकाळपासून वाऱ्याची घाई त्यांनीच लावली होती. त्यांनी इंजिनच्या चावीवर हात ठेवला आणि ती फिरवली नाही.

“अजून बोलता हा मा तो?” त्यांनी वरून विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

“मगे थांबा. तेचा संपांदे. कोण बोलत आसताना मधीच उठान जावचा नाय.”

आम्ही थांबलो. होडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पडत होती, आणि आम्ही तिघं एका न दिसणाऱ्या जिवाचं बोलणं संपायची वाट बघत होतो. शेवटी तो एक खूप लांब, खाली खाली जाणारा हुंकार आला आणि थांबला. हेडफोनमध्ये फक्त पाणी राहिलं.

“संपलं,” मी वर तोंड करून सांगितलं.

तात्यांनी पुन्हा चावीला हात घातला. तेवढ्यात माझ्या कानात तो पहिला हुंकार आला, वर चढत जाणारा, अगदी पहिल्यापासून. मी वर तात्यांकडं बघून बाईंसारखा हात वर केला. त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि ते खाली बसले.